घोडबंदर रोड: शेजारच्या शोरूमच्या ४० फुटी पाटीला ‘विशेष बाब’ म्हणून सूट? हरकत कुठे आणि कशी घ्यायची?

वाघबीळकर

नमस्कार मंडळी. धागा लांबलाय, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळं लिहितोय.

आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला, सर्व्हिस रोडला लागून आहे. सात मजले, ५६ घरं. शेजारच्या प्लॉटवर फर्निचरचं एक मोठं शोरूम आहे. त्यांच्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर साधारण २० बाय १० फुटांची पाटी आहे आणि तिच्याबद्दल आजवर कुणी अवाक्षर काढलं नाही. आता त्यांना समोरच्या मोकळ्या जागेत दोन खांब रोवून त्यावर ४० बाय २० फुटांची पाटी उभी करायची आहे. खालची कड ३० फुटांवर, वरची ५० फुटांवर आणि पाटीच्या एका भागात हलत्या चित्रांचा एलईडी स्क्रीन. अशी पाटी नेहमीच्या नियमात बसत नाही, म्हणून ‘विशेष बाब’ म्हणून मागितली आहे. कारण दिलंय की मेट्रोच्या पुलामुळे आणि खांबांमुळे पलीकडच्या मार्गिकेवरून शोरूम दिसत नाही.

हे आम्हाला कळलं कसं? त्यांचा कंत्राटदार सोसायटीच्या ना हरकत पत्रावर सही मागायला आला. आम्ही सही दिली नाही. जाताना तो सहज म्हणाला, “तुम्ही दिली नाहीत तरी वरून होणार आहे.”

गेल्या महिन्यात त्यांनी चार रात्री ट्रॉलीवर स्क्रीन लावून चाचणी घेतली. माझी आई ७८ वर्षांची आहे, तिची खोली तिसऱ्या मजल्यावर त्याच बाजूला येते. दर आठ सेकंदांनी छतावरचा रंग बदलायचा. जांभळा, मग पांढरा, मग लाल. पडदा लावला तरी त्याच्या कडेने पट्टा यायचाच. दुसऱ्या रात्री तिने उशी पायथ्याला घेतली आणि उलटी झोपली. स्क्रीन गेला, तरी ती अजून तशीच झोपते. पुन्हा लागेल अशी धास्ती बसली आहे तिला.

मला माहिती हवी आहे ती अशी: ही ‘विशेष बाब’ नेमकी कुठल्या कायद्यात बसते? हरकत कुणाकडे घ्यायची? आणि दुकानदार मंडळी इथे असतील तर त्यांनीही मोकळेपणाने लिहावं. त्यांची अडचण खोटी आहे असं मला म्हणायचं नाही.

पारसिक

वाचतोय. आमच्याकडे कळव्यालाही हेच सुरू होईल, धागा वर राहू दे.

मोकळा_रस्ता

जागा त्यांची, पैसा त्यांचा. धंदा करणाऱ्याला पाटी लावू द्यायची नाही, तर त्याने करायचं काय? पडदे जाड लावा.

पाटलीपाड्याची_रेवा

मोकळा_रस्ता, जागा त्यांची असली तरी पाटी पडली तर ती त्यांच्याच जागेत पडेल का? १३ मे २०२४ ला घाटकोपरला छेडानगरचा फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसं गेली. माझी बहीण त्या वेळी त्याच रस्त्याने घरी येत होती. पाऊण तास फोन लागत नव्हता. तो पाऊण तास मी विसरणार नाही.

माजी_परवाना

मी एका महापालिकेच्या परवाना विभागात २६ वर्षं काढली, ठाण्याच्या नाही. निवृत्त झालोय, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

वाघबीळकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात दडलं आहे: आकाशचिन्ह. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मधलं कलम २४४ आकाशचिन्हांचं आणि कलम २४५ जाहिरातींचं. त्यानंतर २०२२ मध्ये राज्याने आकाशचिन्हं आणि जाहिरात फलकांसाठी या अधिनियमाखालच्या सगळ्या महापालिकांना लागू होतील असे नियमही केले. दुकानाच्या आतल्याच धंद्याची जाहिरात त्याच इमारतीवर केली तर कलम २४५ बऱ्यापैकी सौम्य आहे. म्हणूनच भिंतीवरच्या पाटीला कुणी हटकत नाही. पण खांबावर किंवा सांगाड्यावर उभारलेली आणि रस्त्यावरच्या कुठल्याही एका जागेवरून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी पाटी आकाशचिन्ह ठरते. अक्षरं तीच, दुकानाचं नाव तेच, पण भिंतीवरून उचलून खांबावर नेली की कलम बदलतं. आयुक्तांची लेखी परवानगी लागते. ‘माझ्याच दुकानाची पाटी आहे’ हे कारण तिथे पुरत नाही.

आता ‘विशेष बाब’. या नावाचं कलम नाही. टिपणीत वापरायचा तो शब्द आहे. सूट देण्याचा अधिकार म्हणाल तर तो २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहे. खरीखुरी अडचण स्पष्टपणे दाखवता येत असेल, तर विशेष लेखी परवानगीने मापांमध्ये सवलत देता येते. वास्तुविशारद मंडळी त्याला सरळ ‘हार्डशिप’ म्हणतात. इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागा कमी पडल्या की प्रीमियम भरून घेतात ती हीच सवलत. पण तिलाच जोडून अट आहे: रहिवाशांचं आणि आजूबाजूच्यांचं आरोग्य, अग्निसुरक्षा, बांधकामाची सुरक्षा आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना बाधा येता कामा नये. फायलीत लोक पहिलं वाक्य उद्धृत करतात आणि दुसरं गाळतात, हे मी स्वतः अनेकदा पाहिलं आहे.

तेव्हा पत्रात विचारा: ‘विशेष बाब’ म्हणजे कोणत्या नियमाखाली? आकाशचिन्ह म्हणून की इमारतीच्या मापातली सवलत म्हणून? आकाशचिन्हाच्या नियमात सूट द्यायची तरतूद असेल तर तिचा क्रमांक टिपणीत यायला हवा. इमारतीच्या मापातली सवलत असेल तर फाईल शहर विकास विभागाकडून जायला हवी. दोन विभागांच्या मधल्या फटीतून परवानगी निघते ती हा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून.

मोजपट्टी

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, ऐरोलीत राहतो. थोडा हिशेब मांडतो, सगळ्यांना कळेल असा.

वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकाचा तिसरा भाग वापरतात. मुंबई परिसरासाठी मूळ वेग धरायचा सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दाब मिळतो. ढोबळमानाने चौरस मीटरला ११८ किलो. उंची, भूभाग, पाटीचा आकार यांचे गुणक वेगळे, ते आता बाजूला ठेवू.

त्यांची सध्याची पाटी २० बाय १० फूट, म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. तिच्यावर जोर येतो सव्वादोन टनांच्या आत. नवी पाटी ४० बाय २०, म्हणजे ७४ चौरस मीटर. जोर पावणेनऊ टन. लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट. इथपर्यंत सगळ्यांच्या लक्षात येतं.

खरी गोम पुढे आहे. पाटी खांबावर असते, तेव्हा वारा तिला नुसता ढकलत नाही, मुळापासून उपटायला बघतो. ४० फुटांची शिडी भिंतीला न टेकवता उभी धरा आणि कुणाला तरी वरच्या टोकाला बोटाने ढकलायला सांगा. खाली तुमच्या मनगटाला काय होतं ते बघा. नव्या पाटीचा मध्य ४० फुटांवर येतो. २० बाय १० चीच पाटी २० फुटांवर मध्य ठेवून खांबावर लावली असती, तर त्या तुलनेत क्षेत्रफळ चौपट आणि उंची दुप्पट, म्हणजे पाया उलथवू बघणारा जोर आठपट. आठपट! वर लोखंड कितीही जाड वापरा, हा जोर शेवटी जमिनीतल्या काँक्रीटलाच घ्यावा लागतो आणि ते काँक्रीट एकदा माती लोटली की कुणाला दिसत नाही.

घाटकोपरचा फलक १२० बाय १२० फुटांचा होता. मुंबईत कमाल मर्यादा होती ४० बाय ४०. क्षेत्रफळ नऊपट. पडल्यावर मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी तपासला, तेव्हा पायाच कमकुवत निघाला. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आकाराची मर्यादा ही शोभेसाठी नसते. तिच्यात सूट देताना ‘थोडंसं जास्त’ असं काही नसतं.

वाघबीळकर, फायलीत फक्त सांगाड्याचं आरेखन असेल तर समाधान मानू नका. पायाचं आरेखन, मातीचा अहवाल आणि पायाच्या बोल्टांचा हिशेब मागा.

दुकानदार_मानपाडा

माझं भांड्यांचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. दुकानदारांनीही लिहा म्हणालात म्हणून लिहितो.

मेट्रोचं काम सुरू झालं तेव्हापासून आमचे हाल कुत्रा खात नाही. आधी पत्रे, मग खड्डे, मग सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिळवायचं काम. गिऱ्हाईक फोन करतं, “दादा, दुकान नक्की कुठे आहे?” मी सांगतो, “अहो, आत्ताच तुम्ही पुढे गेलात.” मग त्याला पुढच्या चौकातून वळून यायचं म्हणजे वीस मिनिटं. पन्नासातले तीस जण येतच नाहीत. एका दिवाळीला मी दोन पोरांना कामावरून कमी केलं. त्यातला एक आठ वर्षं माझ्याकडे होता. शोरूमवाल्याचं कारण खोटं नाही, हे आधी समजून घ्या.

पण मला ‘विशेष बाब’ मिळणार आहे का? माझी पाटी सहा फुटांची. शेजारी ४० फुटांची उभी राहिली की माझी उरलीसुरलीही दिसणार नाही. मग मीही १५ फुटांची मागणार, माझ्या पलीकडचा मेडिकलवाला २० ची. दोन वर्षांनी सगळ्यांच्या पाट्या मोठ्या आणि दिसत कुणाचीच नाही. खर्च मात्र प्रत्येकाचा झालेला.

आमच्या व्यापारी मंडळींनी एक मागणी दिली होती: सर्व्हिस रोडच्या तोंडाशी सगळ्या दुकानांची नावं असलेली एकच दिशादर्शक पाटी. सगळ्यांना सारखी जागा. अर्ज देऊन दीड वर्ष झालं. एकाच्या ४० फुटी पाटीची फाईल धावते आणि चाळीस दुकानांच्या एका पाटीची हलत नाही, याचा मला खरा राग आहे.

पाटलीपाड्याची_रेवा

दादा, मी तुमच्याकडूनच कुकर घेतला होता बहुतेक. खरंच दोनदा पुढे गेले होते. ती एकत्रित पाटीची मागणी इथे पूर्ण टाका ना, आम्ही रहिवासीही सह्या देतो.

जर्सीत_ठाणेकर

मूळची नौपाड्याची, गेली १७ वर्षं न्यू जर्सीत. इथे याच गोष्टीला व्हेरियन्स म्हणतात आणि मी अशा एका सुनावणीला बसले आहे म्हणून लिहिते.

अमेरिकेत महामार्गालगतच्या जाहिरातींसाठी १९६५ चा केंद्रीय कायदा आहे. रस्त्याच्या हद्दीपासून ६६० फुटांपर्यंतच्या फलकांवर त्याचं नियंत्रण असतं. पण दुकानाने स्वतःच्याच जागेत लावलेली स्वतःची पाटी त्यातून वगळली आहे. ती गावाच्या झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या जागेत काय आणि केवढं बांधता येईल याच्या नियमात येते. उंची किती, क्षेत्रफळ किती, रस्त्यापासून किती आत, सगळं ठरलेलं. त्याहून मोठी हवी असेल तर गावाच्या झोनिंग बोर्डापुढे जाऊन सूट मागायची. बोर्डावर गावातलेच लोक असतात.

आमच्या घरामागे एका महामार्गावर गाड्या धुण्याचं केंद्र आहे. त्यांना पाटी उंच करायची होती. न्यू जर्सीच्या कायद्यात २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालमत्ताधारकाला सुनावणीच्या निदान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, वर्तमानपत्रातही छापावी लागते. आम्हाला नोंदणीकृत टपालाने पत्र आलं. ते पत्र हातात घेऊन मी किती तरी वेळ उभी होते, कारण शेजारच्या पाटीबद्दल सरकार मला विचारतंय हेच मला नवीन होतं.

सुनावणीत बोर्डाने त्या मालकाला जे विचारलं ते माझ्या कायमचं लक्षात राहिलंय. अडचण जमिनीची आहे की तुमची? म्हणजे प्लॉट अरुंद आहे का, वेडावाकडा आहे का, चढामागे लपतो का? की फक्त गिऱ्हाईक जास्त हवं आहे? दुसरं, ही अडचण तुम्हीच ओढवून घेतली आहे का? तिसरं, सूट दिल्याने आजूबाजूच्या लोकांचं ठळक नुकसान होतं का? जास्त विक्री व्हावी ही इच्छा म्हणजे अडचण नव्हे, हे त्यांच्या अध्यक्षांनी अगदी शांतपणे सांगितलं. त्यांच्या प्लॉटच्या अलीकडे रस्ता उतरत होता, ते मान्य झालं. पाटी पुढे सरकवायला परवानगी मिळाली, उंची मिळाली नाही. रात्री अकराला दिवे बंद ही अट पडली आणि निर्णय कारणांसह लेखी ठरावात आला.

आणखी एक: व्हेरियन्स माणसाला मिळत नाही, जमिनीला चिकटतो. उद्या मालक बदलला तरी सूट राहते. म्हणून देताना ते हात आखडता घेतात. तुमच्या शोरूमवाल्याने उद्या जागा विकली तर ते दोन खांब कुणाच्या ताब्यात जाणार, हाही मुद्दा हरकतीत घ्या.

माजी_परवाना

जर्सीत_ठाणेकर, फार उपयोगी लिहिलंत. आपल्या नियमावलीतला ‘हार्डशिप’ आणि तिकडचा, दोन्हींचा गाभा सारखाच आहे. फरक आहे तो नोटिशीचा. पाटीच्या बाबतीत आपल्याकडे शेजाऱ्याला कळतं ते खड्डा खणायला जेसीबी येतो तेव्हा. वाघबीळकरांना कंत्राटदाराच्या तोंडून कळलं, हे नशीब.

मेट्रोचा पूल ही जागेची अडचण म्हणता येईल, तो त्यांनी बांधलेला नाही. तेवढं त्यांच्या बाजूने मान्य करून लिहा. हरकतीचं वजन वाढतं.

टीएमटी_निवृत्त

३१ वर्षं बस चालवली, शेवटची नऊ घोडबंदरला. मला कायद्यातलं कळत नाही, रस्त्यातलं सांगतो.

उड्डाणपूल उतरताना चालकाची नजर वर असते, खाली नाही. समोर सिग्नल आणि त्याच्या बरोबर मागे लाल अक्षरांची पाटी असली की पावसात लाल दिवा त्या लालात विरघळतो. काचेवर पाणी, वायपर फिरतोय, मागून जेएनपीटीकडून गुजरातला निघालेला कंटेनर रेटतोय. अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं की हा लाल सिग्नलचा की सोफ्याचा. एकदा मी लाल समजून ब्रेक मारला आणि उभी असलेली एक बाई दांडीवर आपटली. तिच्या कपाळाला टेंगूळ आलं. ती काही बोलली नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

हलत्या चित्राचं तर विचारूच नका. डोळा हलणाऱ्या गोष्टीकडे जातोच, तो माणसाच्या हातात नसतो.

मोजपट्टी

काका, हे जसंच्या तसं वाहतूक शाखेला लिहून द्या. चौकाजवळ किंवा सिग्नलशी गल्लत होईल असे फलक नकोत, हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७२ च्या धोरणात आहे, क्रमांक ४६. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले वाहतुकीला धोकादायक फलक काढायला लावले होते, तेही याच कारणासाठी. तुमचा अनुभव त्या कागदाला जोडला की कुणाला नाकारता येणार नाही.

खारघर_टेकडी

सायन-पनवेल महामार्गाच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे पहिला प्रश्न असतो तो जागा कुणाची. महामार्ग एकाचा, सेवा रस्ता दुसऱ्याचा, भूखंड सिडकोचा, तुर्भ्याकडे गेलात तर एमआयडीसीचा, पुढे रेल्वेचा. एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याकडे जायचं. घाटकोपरला काय झालं? जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, महापालिका म्हणाली आम्ही परवानगी दिलीच नाही. वाघबीळकर, खांब नक्की कुणाच्या हद्दीत येतात ते आधी मोजा.

आणि खाली कोण उभं राहतं ते बघा. एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडला किवळ्याजवळ फलक पडला, पाच जण गेले. वादळात आडोसा म्हणून ते त्याच फलकाखाली थांबले होते. पाऊस आला की दुचाकीवाला पहिली मोठी सावली बघतो.

वाघबीळकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आमच्या वॉचमनला घेऊन टेप धरली. कंत्राटदाराने सहीसाठी आणलेल्या नकाशाचा फोटो मी काढून ठेवला होता. त्यात आमच्या सामाईक भिंतीपासून खांबापर्यंत सहा मीटर दाखवले आहेत. जमिनीवर त्यांनी चुन्याने खूण केली आहे, तिथून भिंत भरली ३ मीटर ४० सेंटिमीटर. तीनदा मोजलं. टेप वाकडी धरली असेल म्हणून वॉचमनने दोरी लावून पुन्हा मोजलं, तेवढंच. अग्निशमनच्या गाडीला लागणारी सहा मीटरची वाट याच बाजूने त्यांच्या मागच्या इमारतीकडे जाते.

माजी_परवाना

हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. प्रकाश, दृश्य, झोप यावर वाद घालता येतो. टेपवर घालता येत नाही. मोजणीचे फोटो तारखेसह जोडा. पत्र आयुक्तांच्या नावे, प्रती शहर विकास विभाग, जाहिरात विभाग, अग्निशमन दल, वाहतूक शाखा आणि माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीला. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकासह पोच घ्या. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. टिपणीसह संपूर्ण नस्ती, म्हणजे फाईल, मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनाचाही उपयोग करा.

अक्षरवाला

मी पाट्या बनवतो, नेरुळला कारखाना आहे. वडील ब्रशने रंगवायचे, मी एसीपी आणि ॲक्रिलिकची अक्षरं कापतो. मोठी पाटी म्हणजे मला जास्त पैसे, तरी सांगतो: ४० फूट लागतच नाहीत.

गाडी ताशी ६० ने चालली तर सेकंदाला साधारण १७ मीटर. वाचून, ठरवून, गाडी डावीकडे घ्यायला पाच सेकंद धरा, म्हणजे ८३ मीटर, २७० फूट. आमच्या धंद्यातला आडाखा असा की ३० फुटांना एक इंच अक्षर. झालं नऊ इंच. पण हा आडाखा इंग्रजी अक्षराचा. मराठी ओळीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. ओळीची पूर्ण उंची धरली तर मधल्या अक्षराच्या वाट्याला जेमतेम निम्मी येते. म्हणून नऊ इंचाचं अक्षर हवं तर ओळ दीड फुटाची धरा. दोन ओळी तीन फूट, वरखाली श्वास घ्यायला दीड-दीड फूट. सहा फूट उंचीची पाटी पुष्कळ झाली.

मग पाट्या वाचता का येत नाहीत? कारण त्यात सोफ्याचा फोटो, नटीचा चेहरा, चार फोन नंबर, सवलतीचा आकडा आणि कोपऱ्यात नाव. मराठी पाट्यांसाठी दुकानं कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, मग सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा माझ्याकडे रांग लागली होती. बहुतेकांनी मराठी नाव ताणून चपटं करून बसवून घेतलं. चपट्या अक्षरात ‘र्थ’ चा रफार शिरोरेषेला चिकटतो आणि लांबून नुसता डाग दिसतो. मी एका गिऱ्हाइकाला सगळं काढायला लावलं. गडद निळ्यावर पांढरं, फक्त नाव आणि बाण. पाटी आधीपेक्षा लहान झाली आणि पामबीचवरून येणाऱ्याला आधी दिसायला लागली.

वाघबीळकर, त्या शोरूमवाल्याला माझा हिशेब द्या. आरेखन मी फुकट करून देईन.

दुकानदार_मानपाडा

अक्षरवाला, आमच्या चाळीस नावांच्या पाटीचंही बघा की. निरोप पाठवतो.

वाघबीळकर

सहा आठवड्यांनी लिहितोय.

पत्रं दिली, पोच घेतली. टीएमटी काकांनी वाहतूक शाखेला वेगळं पत्र दिलं, हाताने लिहिलेलं, दीड पान. नस्तीची नक्कल मिळाली. सांगाड्याचं आरेखन आहे, पायाचं नाही. मातीचा अहवाल नाही. टिपणीत ‘विशेष बाब म्हणून विचार होण्यास हरकत नसावी’ एवढं एक वाक्य आहे, नियमाचा क्रमांक नाही. सवलतीच्या तरतुदीतला सुरक्षिततेचा भाग माजी_परवाना म्हणाले तसाच गाळलेला आहे.

मग स्थळपाहणी झाली. तिघा अधिकाऱ्यांसमोर टेप लावली, ३ मीटर ४० च भरले. शोरूमचे मालक स्वतः आले होते. पाहणी संपल्यावर मी त्यांना वर चहाला बोलावलं. ते आईच्या खोलीत बसले. आईने तक्रार केली नाही, फक्त पलंग दाखवला. ते काही वेळ खिडकीतून चुन्याच्या खुणेकडे बघत राहिले. मग म्हणाले, “काका, मला गायमुखकडून येणाऱ्याला दिसायचंय, एवढंच. कंत्राटदार म्हणाला मोठी लावा, मी हो म्हटलं.” मी त्यांच्यापुढे अक्षरवाल्यांचा हिशेब ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि फोटो काढून घेतला.

परवा त्यांनी नवं आरेखन दाखवलं. २० बाय ६ ची पाटी, त्यांच्याच इमारतीच्या गायमुखकडच्या भिंतीवर. खांब नाहीत, स्क्रीन नाही, दिवे साडेदहाला बंद. सोसायटीने कालच्या सभेत त्याला ना हरकत दिली, एकमताने. एकत्रित दिशादर्शक पाटीच्या मागणीवर आमच्या ५६ पैकी ५१ घरांच्या सह्या झाल्या, त्या मानपाड्याच्या दादांकडे पोचवतो.

जुना ‘विशेष बाब’चा अर्ज मात्र अजून फायलीत तसाच आहे. मालक म्हणतात सोडून दिला समजा.

माजी_परवाना

समजू नका. अर्ज मागे घेतल्याचं त्यांचं सहीचं पत्र आणि त्यावर विभागाचा आवक शिक्का, दोन्हीची प्रत घ्या. चालू अर्ज तीन वर्षांनीही मंजूर होतो, तेव्हा मालकही वेगळा असतो आणि अधिकारीही.

वाघबीळकर

बरोबर आहे, साहेब. सोमवारी त्यांनाच बरोबर घेऊन जातो. शिक्का बसला की प्रत इथे टाकतो, आणि मग आईचा पलंग सरळ करतो.